बाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आजारपणाबद्दल लिहिणारी माणसं शेवटाला सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मला ते जमलेलं नाही. तरी लिहितेय, कारण कुणाच्या तरी घरात आत्ता एखादं पोर फळ्यावरचं चुकीचं उतरवत असेल, उंबऱ्याला अडखळत असेल, आणि शाळेतले सर म्हणत असतील की ह्याला डोकंच कमी आहे. त्या घरातल्या कुणी हे वाचून पोराला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, तर माझं काम झालं.

काळा पदर

२००४ सालचा उन्हाळा. मी गडमुडशिंगीला, सासरी. परसात शेवया वाळत घातल्या होत्या आणि मी राखत बसले होते. उजव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी चमकलं. वर बघितलं, तर आभाळ कोरडं ठाक. परत चमकलं. मग काळे ठिपके दिसायला लागले, चिलटं उडतात तसे. मी हातानं हाकलायला लागले.

"कुणाला हाकलतीस गं?" सासूबाई म्हणाल्या. "हितं काय बी न्हाय."

माझी पोरगी दीड वर्षाची, घरात कामाचा रगाडा, त्यात चिलटांचं गाऱ्हाणं कुणाला सांगायचं? मग एका सकाळी भाकरी थापताना निम्मी परातच दिसेना. नाकाच्या बाजूनं कुणीतरी काळा पदर ओढत आणावा तसा अंधार पुढं सरकत होता. माझा डावा डोळा पहिल्यापासून अधू. उजेड कळतो, माणूस उभं आहे एवढं कळतं, तोंड कळत नाही. सगळा संसार उजव्या डोळ्यावर चाललेला, आणि आता तोच मिटायला लागला होता. मी तवा तसाच ठेवून ओरडले.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्कूटर काढली आणि मला कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध घालून, दिवा मारून, बराच वेळ बघितलं. "पडदा सरकलाय," ते म्हणाले. "ऑपरेशन लगेच करावं लागेल. थांबून चालणार नाही."

मग त्यांनी डावा डोळा तपासला आणि खुर्ची मागं सारली.

"हा डोळा आळशी पडलाय. लहानपणी ह्याचा नंबर फार जास्त होता, म्हणून मेंदूनं ह्याच्याकडून काम घेणंच सोडून दिलं. तेव्हा चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून ह्याला कामाला लावतात. तसं केलं असतं तर आज हा डोळा आपल्या उपयोगी पडला असता. कुणी सांगितलं नव्हतं का?"

"न्हाय डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्या हुपरीत कोण सांगणार?"

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, निरोप मिळताच बस धरून हुपरीहून आले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी तेवढी सारखी केली. मला वाटलं, बिचारे घाबरलेत.

हुपरीची नजर

अण्णा चांदीचे कारागीर. आमच्या गावात घरोघरी पैंजण होतात. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, शेगडी, शेगडीपुढं अण्णा, आणि आतल्या बाजूला आम्ही पोरी कड्या जुळवायला. चांदीच्या तारेच्या बारीक बारीक कड्या एकीत एक अडकवायच्या, मध्ये घुंगरू घ्यायचं, चिमट्यानं तोंड दाबायचं. मग झाळायला, म्हणजे डाख देऊन तोंड सांधायला, अण्णांकडं. आई मी चार वर्षांची असताना गेली. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिनंच मला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिच्या मांडीला टेकून मी कड्या जुळवायला शिकले, शाळेत जायच्या आधी.

आणि मी हुशार निघाले. सगळ्यांत बारीक कडी माझ्याकडं यायची. मोठ्या बायका खिडकीच्या उजेडाला जाऊन, डोळे बारीक करून जे काम करायच्या, ते मी नाकाशी धरून पटापट करायची. पाहुणे आले की अण्णा मला हाक मारायचे. "शैला, दाव की पावण्यांस्नी." मी करून दाखवायची. "बघा नजर! अख्ख्या हुपरीत अशी नजर न्हाय," असं म्हणताना त्यांची छाती फुलायची, आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

त्यातली गोम आज मला कळते. उजव्या डोळ्याला लांबचं अजिबात दिसत नव्हतं, म्हणूनच नाकाजवळचं इतकं लख्ख दिसत होतं. डावा तर नावालाच. एकाच डोळ्यानं बघितलं की कुठली वस्तू पुढं आहे, कुठली मागं, याचा अंदाज येत नाही. मी तो अंदाज बोटांनी घ्यायची. कडी आधी बोटाला लागायची, मग डोळ्याला.

शाळेत हातात काहीच नसायचं. फळा म्हणजे काळी भिंत. सर बोलायचे ते सगळं मला पाठ असायचं, पण फळ्यावरचं उतरवताना मी शेजारणीच्या वहीतलं अंदाजानं खरडायची. चेंडू माझ्याकडं टाकला की तोंडावर बसायचा. पाणी ओतायला गेले की तांब्याच्या बाहेर. पायऱ्या उतरताना भिंत धरायची. भूमितीची आकृती काढायला सांगितली की पोरं माझ्या वहीभोवती जमून हसायची.

चौथीत सरांनी अण्णांना बोलावलं. "अण्णा, पोरगी तोंडानं सगळं सांगते, कागदावर काही येत नाही. डोळ्यांचं काही आहे का?"

अण्णा हसले. "डोळ्यांचं? सर, तुम्हीच बघितलंय की आमच्या सोप्यात बसून. ती जुळवती ती कडी तुम्हांला दिसती तरी का?"

सरांनी बघितलं होतंच. त्यांना दिसली नव्हती. त्यांनी मान डोलावली. डोळे चांगले ठरले, मग उरलं काय? डोकं. चांदीचं काम न करणाऱ्या गावात ही चूक झाली नसती, असं मला नेहमी वाटतं. तिथं कुणीतरी म्हणालं असतं, पोरगी पुस्तक नाकाशी धरते, जरा बघा. आमच्याकडं नाकाशी धरणं हेच कसब होतं.

लाल-पांढरे ठोकळे

सरांनी कोल्हापूरच्या एका बाईंचं नाव सांगितलं. त्या मुलांची बुद्धी तपासायच्या. अण्णांनी मला नवा फ्रॉक घातला, वेणीला रिबीन अक्कानं बांधली, आणि आम्ही बसनं निघालो. मी खूश. अण्णांबरोबर एकटीनं कोल्हापूर, दुसरं काय पाहिजे?

बाईंची खोली थंड होती. सुरुवातीला त्यांनी प्रश्न विचारले. मांजर आणि वाघ यांच्यात सारखं काय? पाऊस पडला नाही तर काय होईल? मी धडाधड उत्तरं दिली. बाई हसल्या, "छान बोलतेस गं."

मग त्यांनी ठोकळे काढले. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही निम्म्या-निम्म्या. टेबलाच्या त्यांच्या कडेला एका लहानशा लाकडी घडवंचीवर चित्राचं कार्ड उभं केलं. "असं कर बघू." हातात घड्याळ.

कार्ड मला लाल-पांढरं धुकं दिसत होतं. मी पुढं वाकले. "मागं टेकून बस बाळ," बाई म्हणाल्या. मागं टेकले तर धुकं आणखी दाट. मी अंदाजानं ठोकळे लावले. मग भोकांच्या फळीत खुंट्या घालायच्या होत्या. माझी प्रत्येक खुंटी भोकाच्या अलीकडं टेकायची. मी बोटानं भोक चाचपायला लागले तर बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी बघून कर." मग एका चित्रात ठोकळ्यांचा ढीग होता, मागचे लपलेले धरून किती ते सांगायचं. मला त्यात ढीग दिसेचना, कागदावर नुसते चौकोन चिकटवलेले. लपलेले कुठून मोजू?

मी रडायला लागले. बाईंनी घड्याळ ठेवून दिलं. एक ठोकळा माझ्या हातात दिला आणि मी तो नाकाशी नेऊन बघितला. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं, अण्णांना आत बोलावलं, आणि दार लावून घेतलं.

अण्णा बाहेर आले आणि मला हाताला धरून निघाले. स्टँडवर उसाचा रस पाजला. बस हुपरीत शिरली तेव्हा म्हणाले, "कुणी इचारलं तर सांगायचं, बाई म्हणाल्या डोस्कं जरा हळू चालतंय. अभ्यास झेपायचा न्हाय."

"मी मंद हाय व्हय अण्णा?"

"असूंदे," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्या हाय की."

त्या हातावर मी पुढं चौदा वर्षं जगले. सर म्हणाले मंद, पोरी म्हणाल्या मंद, चुलत्या म्हणाल्या मंद. पाचवीतच शाळा सुटली. मी कधी तक्रार केली नाही. सगळं जग मला मंद म्हणतंय आणि एकटे अण्णा माझ्या बाजूनं उभे आहेत, असं मी धरून चालले होते.

मी बारा वर्षांची असताना अक्काचं लग्न झालं, जयसिंगपूरला. मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात अण्णांनी मला कोल्हापूरला चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मा लावून बाहेर आले तर समोरच्या झाडाला पानं! सुटी सुटी पानं! मी रस्त्यात उभी राहून रडले. दुकानदार म्हणाला होता की डाव्या डोळ्याला ह्यानं फरक पडायचा नाही, पण मला कुठं त्याचं दुःख? लग्नाच्या धावपळीतनं उसंत मिळताच अण्णांना माझी आठवण झाली, याचंच मला कौतुक.

पालथी

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो वर चढून पडदा दाबून धरणार, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर ठेवायची. सरळ सांगायचं तर पालथं पडून राहायचं, दिवसरात्र. जेवतानासुद्धा मान खाली.

ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना सांगते, वेदना फार नसते. वैताग मात्र इतका की भिंतीवर डोकं आपटावं. उशीला मधोमध खळगा, त्यात तोंड. मान दगड होते, लाळ गळते, पडल्या जागी खांदे भरून येतात. उजव्या डोळ्यावर पट्टी, त्यामुळं उरला फक्त तो डावा. त्यानं मला दवाखान्याची फरशी दिसायची आणि फरशीवरून जाणारे डाग. डाग म्हणजे माणसांचे पाय. कोण कुठलं ते मी चालीवरून ओळखायला शिकले. सिस्टरच्या चपला चटचट वाजायच्या. सफाईवाल्या मावशी पाय घासत यायच्या, आणि न सांगता माझी मान चोळून द्यायच्या. "तोंड न्हाय बघितलं तुझं, पण मान लई गुणाची हाय," म्हणायच्या. त्या दिवसांत मी हसले असेन तर त्यांच्यामुळंच.

भीती पहाटे यायची. पडदा चिकटला नाही तर? पोरीचं तोंड परत दिसणार का? ती सासूबाईंजवळ होती. एकदा तिला आणली, तर पालथ्या आईला बघून ती किंचाळली आणि ह्यांच्या गळ्याला मिठी मारून बसली. सासूबाई अण्णांना तिथंच म्हणाल्या, "पावणं, पोरीच्या डोळ्यात दोष हाय हे लग्नाआधी सांगायला काय झालतं? चष्मा हाय एवढंच बोलला की तुम्ही." अण्णा म्हणाले, "आम्हांला तरी कुठं ठावं होतं?" मी पालथी पडल्या पडल्या सासूबाईंवर भडकले. माझ्या बापाला बोलता? ह्यांनी आपल्या आईला बाहेर नेलं. दोघं बराच वेळ भांडत होते, मला ऐकू येत होतं.

अण्णा रोज यायचे. आमच्यात, जैनांत, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून ते उन्हं असतानाच डबा उघडायचे आणि जमिनीवर बसून, खालून, माझ्या तोंडात घास द्यायचे. सत्तरीला टेकलेला माणूस पलंगाखाली मान घालून बसायचा. मी मनात म्हणायची, असा बाप कुणाला मिळत नाही.

अक्का बोलली

अक्का जयसिंगपूरहून आली ती दुपारी. अण्णा औषधं आणायला गेले होते. ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली आणि माझा लोंबता हात धरून रडायला लागली.

"डॉक्टर म्हणतात, डावा डोळा वाचवला असता तर एवढी धडकी भरली नसती," मी म्हणाले. "जाऊ दे. कुणाला ठाऊक होतं?"

ती आणखीच रडायला लागली.

"काय झालं गं?"

"बाईंनी सांगितलं होतं."

"कुठल्या बाईंनी?"

"त्या ठोकळ्यांच्या. त्या म्हणाल्या होत्या, पोरीला आज काही जमलं नाही हे खरं, पण मी हे धरत नाही. बोलण्यात ती चांगली हुशार आहे. हिला दिसत नाही असं मला वाटतंय. आधी डोळे तपासा, पट्टी लागेल, चष्मा लागेल, मग परत आणा. अण्णांनी घरी आल्या आल्या मला सांगितलं." तिनं नाक ओढलं. "आणि कुणाला बोलू नको म्हणाले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुला ठाऊक होतं?"

"माझी बोलणी चालली होती शैला. जयसिंगपूरचं स्थळ. आई न्हाय, घरात सांगणारं कोण न्हाय, तवा त्यांनी आधीच इचारलेलं, घराण्यात काय दोष हाय का म्हणून. तुझ्या तोंडावर पट्टी बघितली असती तर उठून गेले असते. अण्णा म्हणाले, हिचं लग्न होऊ दे, मग बघू."

"आणि तू?"

"मी अठराची होते गं."

"आणि मी नऊची."

पुढं तिची बोलणी मोडली, परत जुळली, तारखा पुढं गेल्या. त्यात तीन वर्षं निघून गेली. मांडव उतरला त्याच आठवड्यातला तो चष्मा! त्या पानांसाठी मी अण्णांना देवाच्या जागी बसवलं होतं.

मला उठून बसायचं होतं. अक्काचं तोंड बघायचं होतं, तिच्या दंडाला धरून हलवायचं होतं. पण मान वर केली असती तर बुडबुडा सरकला असता आणि उरलेला डोळाही गेला असता. संतापायचं तेसुद्धा मला पालथं पडून संतापावं लागलं. "जा इथून," मी उशीत तोंड घालून म्हणाले. ती गेली.

अण्णांचे पाय

ती गेल्यावर थोड्या वेळानं अण्णा आले. त्यांच्या वहाणांची करकर मी हजारांत ओळखली असती. जमिनीवर बसले, डबा उघडला, घास पुढं केला.

"बाईंनी दुसरं काय सांगितलं होतं अण्णा?"

घास तसाच राहिला.

"अक्का बोलली व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही बोला."

 मग म्हणाले, "पट्टी तोंडावर दिसती बाळ. डोस्क्यातलं कुणाला दिसतंय? शाळंत कच्ची म्हटलं तर पोरीच्या जातीला कोण इचारत न्हाय. पट्टी लावून फिरवली असती तर दोघी बी घरात राहिल्या असत्या. मला वाटलं, वरीसभराचा परश्न हाय. डोळं कुठं पळून जात्यात? कड्या तर झकास जुळवत हुतीस."

"मी रोज विचारायची तुम्हांला, मी मंद हाय का म्हणून."

"व्हय."

"आणि तुम्ही म्हणायचा, असूंदे."

"व्हय."

"एकदा तरी न्हाय म्हणायचं होतं की! बाहेर काय बी सांगायचं होतं, घरात मला तरी खरं सांगायचं होतं. मी कुणाला बोलले असते?"

त्यांनी घास परत पुढं केला. मी तोंड मिटून घेतलं आणि घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ह्यांना सांगितलं, अण्णांना आत सोडू नका. तरी ते येत राहिले. बाहेरच्या बाकावर बसायचे, उन्हं उतरायच्या आत डबा मावशींजवळ द्यायचे आणि जायचे. डबा मी मावशींना खायला लावायची. त्या खायच्या आणि म्हणायच्या, "भाजी झ्याक हाय. भांडण तुमचं, भाजीनं काय केलंय?"

डोळा गेला म्हणून मला एवढं लागलं नाही. डोळ्यानं मला फसवलं नव्हतं, त्याला जमलं तेवढं त्यानं केलं. मला लागलं ते त्या हाताचं. जो हात डोक्यावर ठेवून ते मला धीर द्यायचे, त्याच हातानं त्यांनी मला मंदपणात दाबून बसवलं होतं, आणि मी त्याला माया समजत होते.

पट्टी सुटली

पडदा चिकटला. नजर पूर्वीइतकी नाही, दाराची चौकट अजून मधोमध वाकडी दिसते, पण पोरीचं तोंड दिसतं. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं. ती मला बघून परत किंचाळली, पण ह्या वेळी हसत.

कड्यांचं काम बंद झालं. वाकून जड उचलायचं नाही, डोक्याला मार लागू द्यायचा नाही. घरात बसून मी बाहेरून दहावीचा अभ्यास सुरू केला. ह्यांनी पुस्तकं आणून दिली. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग पोरीला घेऊन बसायला लागल्या. "शिक बाई, तेवढंच राहिलंय," म्हणायच्या. फसवलं तर त्यांनाही होतं, पण त्यांनी राग माझ्यावर काढला नाही. पास झाले तेव्हा मार्कांचं सोडा, गणितात आकृत्या बरोबर आल्या होत्या. वही तिरकी धरून, बोट फिरवून, माझ्या पद्धतीनं काढलेल्या.

पोरीचे डोळे मी ती तीन वर्षांची असताना तपासून आणले. चांगले आहेत. तरी दर वर्षी नेते. तुम्हीही न्या. पोर जवळचं चांगलं बघतंय म्हणून फसू नका. एकेक डोळा झाकून बघायला लावा. आणि कुणी ठोकळे मांडून पोराची अक्कल मोजायला बसलं, तर आधी विचारा, ह्याला ते कार्ड दिसतंय का?

अण्णांकडं मी सणावारी जायची. पाया पडायची, जेवायची, यायची. पोरगी त्यांना अज्जा म्हणून बिलगायची. मी दोन वाक्यांपलीकडं बोलत नव्हते. अक्काशी तेवढंही नाही.

दोन्ही

गेल्या वर्षी, २००७ मध्ये, अण्णा शेगडीशी भाजले. चिमटा धरायला गेले आणि बोटं निखाऱ्यात. हल्ली वाटेत माणसांना धडकायचे, पण कुणाला बोलले नव्हते. अक्कानं ह्यांच्याकडं निरोप दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांची ओळख कुणाला? मलाच. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडं मी त्यांना घेऊन गेले. बसमध्ये शेजारी बसलो.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं, मला आत बोलावलं, आणि दार लावून घेतलं. 

"मोतीबिंदू आहे, तो काढू," डॉक्टर म्हणाले. "पण मागची नसही सुकत आलीय. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नेमानं घातले तर उरलेली टिकेल, नाहीतर तीही जाईल. वय झालंय, खचतील. आत्ता मोतीबिंदूचंच सांगा. दुसरं हळूहळू बघू."

मी बाहेर आले. मोबाईल वाजला, जयसिंगपूरहून अक्का. मी तिला सगळं सांगितलं. ती रडतच म्हणाली, "अण्णांना दुसरं सांगू नको गं शैला. त्यांना सहन व्हायचं न्हाय. तुझ्या पाया पडते."

"पट्टी लावायची न्हाय अक्का, नुसते थेंब घालायचेत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अण्णा बाकावर बसले होते. माझ्या ऑपरेशनच्या दिवसांत डबा घेऊन बसायचे तोच बाक. मी समोर उभी राहिले, तर त्यांनी चाचपत हात पुढं केला, अंदाज घेत, मी खुंटीला भोक शोधायची तसा. मी तो हात धरला. रागानं की मायेनं, मला आजही सांगता येणार नाही.

"काय म्हणालं डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"दोन गोष्टी म्हणाले अण्णा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.  "दोन्ही सांगणार हाईस न्हवं?" ते म्हणाले.

मी शेजारी बसले आणि दोन्ही सांगितल्या.